जमा, पत आणि श्रेयांक

‘क्रेडिट’ या एका इंग्रजी शब्दाला मराठीत तीन प्रतिशब्द आहेत. हिशेबाच्या वहीत तो ‘जमा’ असतो, बाजारात ‘पत’ असतो आणि अलीकडे विद्यापीठांच्या परिपत्रकांत त्याला ‘श्रेयांक’ म्हणू लागले आहेत. पहिल्या दोन शब्दांच्या सहवासात माझी नोकरीची पस्तीस वर्षे गेली. तिसऱ्याचा परिचय निवृत्तीनंतर, माझ्या थोरल्या बंधूंच्या नातीमुळे झाला. त्या परिचयाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते. कारण बारावीच्या निकालानंतर आपल्या समाजातील कितीतरी घरांत हाच विषय निघतो आणि बहुतेक ठिकाणी पदवीच्या अटी न वाचताच त्याचा निर्णय होऊन जातो.

आमच्या घरी तीन पिढ्यांची भुसार मालाची आडत आहे. मी तेवढा नोकरीत गेलो. बाकीचे सगळे गादीवर बसले. नात वाणिज्य शाखेतून बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, तेव्हा तिने बी.कॉम. करावे आणि जोडीला सी.ए.चा अभ्यास सुरू करावा, हे घरात जणू ठरलेलेच होते. तिने मात्र जनसंज्ञापन आणि माध्यमांची पदवी घेण्याची इच्छा बोलून दाखवली. अण्णांना, म्हणजे थोरल्या बंधूंना, प्रथम ते टेलिफोन खात्याचे शिक्षण वाटले. त्यांचा समज अगदीच निराधार नव्हता. आपल्याकडे दूरसंचार म्हटले की अभियांत्रिकी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील काही विद्यापीठांत मात्र ‘टेलिकम्युनिकेशन’ नावाच्या विभागांत रेडिओ आणि दूरचित्रवाणीचे कार्यक्रम, त्यांचा व्यवसाय आणि त्यांचा समाजावरील परिणाम हेच शिकवत आले आहेत. इंडियाना विद्यापीठाचा असा विभाग २०१४ मध्ये पत्रकारितेच्या विभागाबरोबर तिथल्या ‘मीडिया स्कूल’मध्ये विलीन झाला. मुंबई विद्यापीठात या विषयाची पदवी २००० च्या सुमारास बी.एम.एम. या नावाने सुरू झाली आणि २०१९ पासून ती बी.ए.एम.एम.सी. या नावाने ओळखली जाऊ लागली. नावे निराळी असली तरी विषय एकच: बातमी, जाहिरात, चित्र, ध्वनी आणि हे सारे लोकांपर्यंत नेणारी साधने.

पुतण्याचा प्रश्न अधिक रोखठोक होता. “काका, बातमी द्यायला आणि जाहिरात करायला पदवी कशाला लागते?” प्रश्न गैर नव्हता, परंतु त्याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा कागद पाहून द्यावे, असे मला वाटले. कर्जाचा प्रस्ताव आला की अर्जदाराच्या बोलण्यावरून नव्हे, तर कागदांवरून मत बनवावे, हा बँकेतला पहिला धडा. म्हणून मी नातीला म्हटले, “बाळ, तुझ्या पदवीच्या श्रेयांकांचा तक्ता घेऊन ये.” एका रविवारी आम्ही दोघे तो तक्ता पुढ्यात घेऊन बसलो. खातेवही तपासावी तसा मी तो ओळ न् ओळ वाचला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांसाठी श्रेयांकांचा आराखडा जाहीर केला. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. वर्गातील १५ तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक. प्रात्यक्षिक असेल तर ३० तासांना एक. तीन वर्षांचा गोषवारा असा: मुख्य विषयाला ६०, दुय्यम विषयाला २४, अन्य ज्ञानशाखांना ९, भाषांना ८, कौशल्यांना ९, मूल्यशिक्षणाला ६ ते ८ आणि प्रत्यक्ष कामाच्या उमेदवारीला २ ते ४. महाराष्ट्राने हा आराखडा स्वीकारताना सत्रागणिक २० ते २२ श्रेयांकांची मुभा ठेवली, म्हणजे तीन वर्षांत १२० ते १३२. खात्यांची नावेही येथे थोडी वेगळी आहेत. भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रप्रकल्प, समाजाशी संबंधित प्रकल्प आणि ‘ओजेटी’ म्हणजे कामावरचे प्रशिक्षण, अशी शीर्षके तक्त्यात दिसतात.

बेरीज जुळली की हिशेबनीसाला समाधान वाटते. पण खरे वाचन त्यानंतर सुरू होते. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की माध्यमाच्या पदवीत माध्यमाचा वाटा निम्मा आहे. १२० पैकी ६० श्रेयांकांत संज्ञापनाची मूलतत्त्वे, माध्यमांचा इतिहास, लेखन-संपादन, छायाचित्रण, जनसंपर्क, संशोधनपद्धती, माध्यमविषयक कायदे आणि नीती, आणि पुढे पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एक वाट, असे विषय येतात. उरलेले ६० श्रेयांक माध्यमाबाहेरचे असू शकतात. २४ श्रेयांकांचा दुय्यम विषय म्हणून महाविद्यालयाने अर्थशास्त्र किंवा वाणिज्य उपलब्ध करून दिले, तर विद्यार्थिनीचा बारावीचा वाणिज्याचा धागा तुटत नाही. अर्थविषयक बातमी लिहिणाऱ्याला ताळेबंद वाचता आला पाहिजे. तो वाचता येणारे माध्यमांत फार थोडे असतात, हे मी वर्तमानपत्रांतील बँकांविषयीच्या बातम्या वाचून जाणतो. अनुत्पादक कर्ज आणि बुडीत म्हणून निर्लेखित केलेले कर्ज यांतला भेद न कळल्यामुळे केवढे अनर्थकारक मथळे छापले जातात! आपल्या घरातल्या मुलीला हा भेद जेवणाच्या ताटावर कानी पडलेला असतो. व्यापारी कुटुंबातून येणे ही या क्षेत्रात उणीव ठरत नाही, ते भांडवलच आहे.

दुसरी गोष्ट तितकीशी समाधानाची नव्हती. उमेदवारीला जास्तीत जास्त ४ श्रेयांक, म्हणजे ३० च्या हिशेबाने १२० तास. रोजचे आठ तास धरले तर अवघे पंधरा दिवस. सी.ए. होणाऱ्या मुलाला नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची करावी लागते, आणि तीसुद्धा पूर्वीच्या तीन वर्षांवरून कमी झालेली. आपल्या पेढ्यांवर तर मुलगा दहा वर्षांचा असल्यापासून मालाचा नमुना हातावर घेऊन दाणा पाहायला शिकतो. पंधरा दिवसांत कोणताही धंदा हाती येत नाही. म्हणून मी नातीला स्पष्ट सांगितले, “तक्त्यात लिहिलेली उमेदवारी ही किमान शिल्लक समज. खाते त्यावर चालत नाही. प्रत्येक सुट्टीत कुठे ना कुठे काम करावे लागेल, मग त्याचे श्रेयांक मिळोत वा न मिळोत.” तिने ते वहीत लिहून घेतले.

तक्त्याबरोबरच तिने मला ‘अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ दाखवली. निवृत्त बँक अधिकाऱ्याला या नावाचे कुतूहल वाटले नसते तरच नवल. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत प्रत्येक विद्यार्थ्याचे बारा अंकी क्रमांकाचे खाते असते आणि उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक त्यात महाविद्यालयाकडून जमा होतात. एका वर्षानंतर किमान ४० श्रेयांक आणि उन्हाळ्यातील ४ श्रेयांकांचे व्यावसायिक काम पूर्ण करून शिक्षण थांबवावे लागले, तर प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांनंतर त्याच पद्धतीने पदविका. पुन्हा तीन वर्षांच्या आत प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांच्या मुदतीत पदवी पूर्ण करता येते. 

ही तरतूद वाचताना मला आमच्या नात्यातील एका सुनेची आठवण झाली. दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन ती लग्न होऊन आली. सासर दूरच्या गावी, मग मुले, मग सासूबाईंचे आजारपण. दोन वर्षांचे शिक्षण कोणत्याच कागदावर धड उमटले नाही. विचारले की ती आजही “बारावी” एवढेच सांगते. नव्या व्यवस्थेचा तिला उपयोग नाही, कारण खात्यात २०२१-२२ पासूनचेच श्रेयांक जमा होतात. पण आज प्रवेश घेणाऱ्या मुलींना तो आहे. ज्या घरांत मुलीचे लग्न ठरले की शिक्षणावर पडदा पडतो, त्या घरांनी सात वर्षांची ही मुदत अवश्य लक्षात ठेवावी. वाग्दानाच्या बैठकीत दागिन्यांची यादी होते, त्याच वेळी मुलीचे किती श्रेयांक झाले आणि किती राहिले, हेही विचारायला काय हरकत आहे?

श्रेयांकांचा मूळ उगम शोधला, तेव्हा एक गमतीची गोष्ट हाती आली. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देण्यासाठी एक कोटी डॉलर दिले. त्या निधीतून वेतन कोणत्या महाविद्यालयाच्या प्राध्यापकांना द्यायचे, हे ठरवण्यासाठी ‘महाविद्यालय’ कशाला म्हणावे याची व्याख्या करावी लागली. त्यासाठी प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने शाळेत किती अभ्यास केलेला असावा याचे एक माप ठरले: एका विषयाचा वर्षभरात सुमारे १२० तासांचा अभ्यास म्हणजे एक ‘युनिट’. पुढे महाविद्यालयांतही तासांवर आधारलेली गणना रूढ झाली आणि तीच आज आपल्या तक्त्यात श्रेयांक होऊन बसली आहे. म्हणजे हे माप जन्माला आले ते निवृत्तिवेतनाच्या हिशेबासाठी! त्याने वेळ मोजला जातो. विद्यार्थ्याच्या हातून काय घडेल, ते त्याने मोजता येत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जमा वेगळी आणि पत वेगळी. खात्यात मोठी रक्कम असलेल्या माणसाला बाजारात कोणी पोतेभर तूर उधार देत नाही आणि रिकाम्या खिशाच्या माणसाच्या नुसत्या निरोपावर ट्रक भरून निघतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

माध्यमांचा आणि पतीचा संबंध मी नोकरीच्या सुरुवातीच्या काळातच अनुभवला होता. तालुक्याच्या एका शाखेत मी असताना गावातल्या एका साप्ताहिकात एका पतसंस्थेतील अपहाराची बातमी आली. संस्थेचे नाव आणि आमच्या बँकेचे नाव यांत एक शब्द समान होता. मथळ्यात तेवढा एकच शब्द मोठ्या टायपात होता. दुपारी बारापर्यंत शाखेच्या दारापासून रस्त्यापर्यंत ठेवीदारांची रांग लागली. व्यवस्थापकांनी जिल्ह्याहून जादा रोकड मागवली, लोकांना दिसेल अशी ती काउंटरवर मांडली आणि आम्ही रात्री आठपर्यंत पैसे देत राहिलो. दोन दिवसांत लोकांचा विश्वास परत आला. पुढच्या अंकात आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा छापून आला. पण त्या रांगेत एक वृद्ध विधवा होत्या. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव त्यांनी आमच्या विनवण्या न ऐकता मोडली, व्याज गमावले आणि पैसे घरी नेऊन ठेवले. त्या पुन्हा बँकेत आल्या नाहीत. तो चार ओळींचा खुलासा त्यांच्यापर्यंत पोहोचला नसावा.

बातमी लिहिणाऱ्याचा हेतू वाईट होता, असे मला तेव्हाही वाटले नाही. त्याला कोणी शिकवलेले नव्हते एवढेच. मथळा कसा तपासावा, नामसाधर्म्य असेल तर काय करावे, दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय छापू नये, चूक झाली तर दुरुस्ती कुठे आणि केवढी छापावी, हे शिकवावे लागते. आज पदवीच्या तक्त्यात ‘माध्यमविषयक कायदे आणि नीती’ म्हणून जो विषय आहे, तो यासाठी. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिलेले अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आणि त्याच अनुच्छेदात सांगितलेली त्याची मर्यादा, अब्रुनुकसानीचा कायदा, १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा, हे सारे त्यात येते. पुतण्याला मी म्हणालो, “धान्य मोजायला पदवी लागत नाही, पण काट्यावर सरकारी शिक्का लागतो आणि काटा ठरावीक काळाने पुन्हा तपासून घ्यावा लागतो. हे शिक्षण म्हणजे काटा तपासून घेणे आहे.” त्याला ते पटले.

अण्णांना मात्र पटले नव्हते. त्यांचा आक्षेप अधिक खोल होता. “शब्द विकायचा धंदा आपल्या घराण्यात कोणी केला नाही,” ते म्हणाले. नातीने शांतपणे उत्तर दिले, “आजोबा, आडतीत तरी आपण काय विकतो? माल शेतकऱ्याचा, पैसा खरेदीदाराचा. मधे आपला असतो तो फक्त शब्द.” अण्णा काही बोलले नाहीत. पन्नास वर्षे ज्या गादीवर ते बसले, तिचे एवढे नेमके वर्णन त्यांनीही कधी केले नसेल. आठ दिवसांनी त्यांनी मला एवढेच विचारले, की फी भरण्याची शेवटची तारीख कोणती.

नातीच्या त्या उत्तराने मला तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाकडे वळवले. श्रावकाच्या सत्य अणुव्रताचे पाच अतिचार तिथे सांगितले आहेत आणि पाठशाळेत आपण ते पाठ केलेले असतात. मिथ्योपदेश म्हणजे लोकांना चुकीच्या मार्गाला लावणारा उपदेश. फसव्या जाहिरातीला याहून नेमके नाव सापडणार नाही. रहोभ्याख्यान म्हणजे कोणाच्या एकांतातील गोष्टी उघड करणे. आज त्यावर वाहिन्यांचे तासन् तास चालतात. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख तयार करणे. बनावट दस्तऐवज त्यात येतात आणि बनावट चित्रफीतही येते. साकारमंत्रभेद म्हणजे चेहऱ्यावरील हावभावांवरून दुसऱ्याचा अभिप्राय ओळखून तो वाईट हेतूने प्रकट करणे. आणि न्यासापहार म्हणजे ठेव ठेवणाऱ्याला रकमेचे विस्मरण झाले, त्याने कमी मागितली, तर गप्प राहून तेवढीच परत करणे. हा शेवटचा अतिचार बँकेत मी भिंतीवर लावावा असा आहे, असे नेहमी म्हणत असे. पण तो माध्यमांनाही लागू पडतो. वाचक आपला विश्वास वर्तमानपत्राकडे ठेव म्हणून ठेवतो. ठेव किती मोठी आहे, हे त्याला स्वतःला ठाऊक नसते. त्याने कमी मागितले म्हणून त्याला कमी खरे सांगावे काय?

माध्यमे आपल्या समाजाला परकी आहेत, असेही नाही. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात ‘जैन बोधक’ सुरू केले. टाइम्स समूह साहू जैन कुटुंबाकडे आहे. जवाहरलाल दर्डा यांनी १९७१ मध्ये नागपुरातून दैनिक ‘लोकमत’ सुरू केले. माध्यमात भांडवल घालणारे आपल्यात होऊन गेले आणि आहेत. आता आपली मुले-मुली त्याच क्षेत्रात लेखणी, कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक हाती घेऊ इच्छितात. काम रात्रीचे असेल, जेवणाची वेळ पाळता येईल का, सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचे काय, या चिंता खऱ्या आहेत आणि त्या हसण्यावारी नेऊ नयेत. नातीने यावर डब्याचा उपाय सांगितला आहे. तो कितपत टिकतो ते तिचे तिलाच पाहावे लागेल.

ज्या पालकांपुढे हा प्रश्न येईल, त्यांना अनुभवाने चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाकडून श्रेयांकांचा पूर्ण तक्ता मागून घ्यावा आणि दुय्यम विषय म्हणून प्रत्यक्षात कोणते विषय शिकवले जातात, ते विचारावे. माहितीपत्रकात असलेला प्रत्येक विषय वर्गात असतोच असे नाही. मागील वर्षीचे विद्यार्थी उमेदवारीसाठी कोणत्या ठिकाणी गेले आणि तिथे त्यांनी काय काम केले, याची चौकशी त्या विद्यार्थ्यांकडेच करावी. हे अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतात. म्हणून एका वर्षाची फी न पाहता तिन्ही वर्षांची बेरीज करावी आणि त्यात कॅमेरा, संगणक व राहण्याचा खर्च धरावा. शेवटची गोष्ट माझ्या व्यवसायातली: पासबुक भरून घेतल्याप्रमाणे प्रत्येक सत्रानंतर श्रेयांकांच्या खात्यात योग्य नोंद झाली की नाही, ते विद्यार्थ्याने स्वतः उघडून पाहावे. नोंद राहून गेली असेल तर ती लगेच सांगितल्यास दुरुस्त होते. तीन वर्षांनी तीच गोष्ट डोकेदुखी ठरते.

नात सध्या दुसऱ्या सत्रात आहे. दुय्यम विषय म्हणून तिने अर्थशास्त्र घेतले आहे. परवा फोनवर तिने मला विचारले, “आजोबा, बँकेच्या ताळेबंदात ठेवी देण्याच्या बाजूला का दाखवतात? त्या तर बँकेकडे आलेल्या असतात ना?” मी तिला सांगितले, “कारण त्या आपल्या नसतात, लोकांच्या असतात, म्हणून.” तिने ते पुन्हा एकदा म्हणायला लावले आणि लिहून घेतले. पुढे ती वार्ताहर होईल, जाहिराती लिहील की चार वर्षांची ऑनर्स पदवी घेऊन संशोधनाकडे वळेल, हे आज कोणालाच ठाऊक नाही. १२० श्रेयांक ती जमा करील, याविषयी मला शंका नाही. पतीचे खाते मात्र कोणत्याही आयोगाने उघडून दिलेले नाही. ते तिला रोजच्या रोज, एकेका शब्दाने भरावे लागेल, आणि त्यासाठी लागणारी पहिली रक्कम तिने घरूनच नेली आहे.